खळ्यातला नांगर

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. अमळनेर-धुळे रस्त्याला आमचं गाव. वाटणी होऊन बरीच वर्षं झाली, पण खळ्याच्या कोपऱ्यातल्या अडगळीची वाटणी कुणी केलीच नव्हती. मोडकी तिफण, बैलगाडीची धाव, कडबाकुट्टीचं चाक आणि पणजोबांचा लोखंडी नांगर. भंगारवाला दारात उभा, आणि चुलतभाऊ म्हणाला, "देई टाक ना भो." काका मात्र नांगराजवळ बसले, त्याच्या मधल्या सांगाड्यावर नखाने टकटक केलं आणि म्हणाले, "बिड शे ते. लोखंड नही."

मी उभ्या जन्मात दोन्ही एकच समजत होतो! मग माती खरवडली तर सांगाड्यावर उठावाची अक्षरं निघाली. पुढची गंजून गेलेली, पण 'किर्लोस्कर' एवढं वाचता आलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंगांतला फरक डोळ्यांना कळत नाही असं निघालं. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटनं शिकवली, आणि बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला भावाकडे आले. भाऊ रामुअण्णा. दोघांचं सायकलचं दुकान होतं, 'किर्लोस्कर ब्रदर्स'. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग नांगर. (आमच्या खळ्यातली ती कडबाकुट्टी कुणाची होती हे आता सांगता येणार नाही, तिच्यावर अक्षरं नाहीत.)

नांगर तयार झाला खरा, पण घेईना कुणी. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. आज आपल्याला हसू येतं, पण मला त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करून देतो. बिडाचा भाग तडकला तर? बीड म्हणजे कार्बन जास्त असलेलं ओतीव लोखंड. दाबाला दणकट, पण घण बसला की फुटतं. लोहार त्याला तापवून ठोकू शकत नाही. म्हणजे शेतकऱ्याने गावचा कारागीर सोडून लांबच्या कारखान्यावर भरवसा ठेवायचा. छोटी गोष्ट नाही ही.

मग बिडाचाच हट्ट का? कारण ते साच्यात वाहतं. लाकडाचा नमुना करायचा, तो ओलसर रेतीत दाबून काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. वेडावाकडा आकारही एका ओतणीत येतो, आणि शंभरावा नग पहिल्यासारखाच. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली फाळाची खालची बाजू ओततानाच पटकन थंड करून कडक करायची युक्ती काढली. वरची बाजू मऊ राहून आधी झिजते, त्यामुळे फाळाला आपोआप धार लागत राहते. आमच्या काळ्या जमिनीतल्या हरळीशी आणि कुंद्याशी गाठ पडल्यावर या धारेची किंमत कळते. हरळी वरवरच्या नांगरटीने मरत नाही, खोल जावं लागतं.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. १० मार्च १९१० ला काम सुरू झालं. निवडुंग आणि साप यांच्याखेरीज तिथे काही नव्हतं. रामुअण्णांनी वस्ती उभी करायची बाजू सांभाळली, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची. राखणीला जन्मठेप भोगून आलेले लोक ठेवले होते, हे वाचून मी दोनदा मागचं पान उलटलं! किर्लोस्करवाडी ती हीच.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. १९१४ साली पहिलं महायुद्ध लागलं. बाहेरून येणारं कच्चं बीड मिळेनासं झालं. भट्टी थंड पडली तर नांगर संपले, आणि एकदा पांगलेले कारागीर परत येत नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. गडावर गंजत पडलेल्या तोफांचे नांगर झाले. इतिहासाची आवड असणाऱ्यांना यात हळहळ वाटेल, मलाही थोडी वाटली. पण तोफ पाहायला वर्षातून किती माणसं जातात आणि नांगर किती पोटं भरतो, हा हिशेबही मांडायला हवा.

नंतरचं भराभर सांगतो. १९२० साली कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, तिचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९२६ मध्ये पंप आले. अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये शिकून लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव कारखान्यात आले. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. विहिरीवर फट्‌फट् करणारी ती इंजिनं खानदेशात कुणाला आठवत नाहीत? त्यांचं जड गरगर फिरणारं चाक तेही बिडाचंच. लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

पणजोबांनी नांगर कधी घेतला, किती बैल जुंपले, घरात कोण भांडलं, यातलं काही कुणाला ठाऊक नाही. काकांना एवढंच आठवतं की तो सामाईक होता. भावकीतल्या चार घरांची वाफ आधी कुणाची यावरून दर वैशाखात बोलाचाली व्हायची, आणि शेवटी पणजी ठरवायची.

भंगारवाल्याला मी विचारलं, याचं पुढे काय करतोस? तो म्हणाला, बिडाला भाव आहे, फाउंड्रीवाले फोडून पुन्हा भट्टीत टाकतात. त्याने वजन करायला काटा काढलाही होता. काकांनी तिफण, धाव आणि चाक देऊन टाकलं. नांगर अजून खळ्यातच आहे. चारही घरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही, असं ते म्हणाले. तेव्हा पुण्या-नाशिकातल्या आणि परदेशातल्या भावंडांनो, हे वाचलंत की काकांना फोन करा.