दाराशीं झालेली गर्दी

पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पहांटे भाजीपाल्याच्या गाड्या येऊं लागल्या म्हणजे आंत जागा असूनहि खोळंबा होतो तो बहुधा दाराशींच. मोबाइल फोनच्या व्यवस्थेचेंहि कांहींसें असेंच आहे. बोलण्याच्या वाटा निराळ्या आणि ती वाट मागण्याचें दार निराळें. गर्दींत हें दारहि तुंबतें.

11 जुलै 2006 रोजीं सायंकाळीं मुंबईच्या उपनगरी आगगाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. घरोघरीं माणसें आपापल्या माणसांची खबर घेऊं लागलीं, आणि फोन लागेनासे झाले. एकदां लागला नाहीं म्हणून कोणी स्वस्थ बसतो काय? तो पुन्हां कळ दाबतो, पुन्हां दाबतो.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एर्लांग याचा या विषयावरील पहिला निबंध 1909 सालचा. अमुक तारा व अमुक गर्दी असतां किती जण विन्मुख परततील, याचें सूत्र त्यानें 1917 सालीं दिलें. तें आजहि वापरांत आहे. मात्र ज्यास वाट मिळाली नाहीं तो निमूट निघून जातो, असें त्यांत गृहीत धरलें आहे. मुलाच्या काळजींत असलेली आई निमूट जात नाहीं, ही गोष्ट त्या सूत्रांत नाहीं!

कळ दाबतांच मोबाइल मनोऱ्याकडे वाट मागणारा एक लहानसा संकेत धाडतो. दोन संकेत एकाच क्षणीं येऊन आदळले तर बहुधा दोन्ही वायां जातात. हवाई विद्यापीठांत अब्रॅमसन यांनीं 1971 च्या सुमारास चालू केलेल्या 'अलोहा' पद्धतीची ही वंशज. काळाचे सारखे तुकडे पाडले तरी तींत शंभरांतील फार तर 37 तुकडेच सत्कारणीं लागतात. त्यापुढें गर्दी वाढली, कीं लागणारे फोन वाढत नाहींत, उलट घटतात. आणि जे हुकले ते परत फिरून त्याच दाराशीं येतात. आग विझवावयास जावें आणि तेल ओतावें, तसा हा प्रकार.

म्हणून यंत्र स्वतः पुन्हां संकेत धाडण्यापूर्वीं अनियमित काळ थांबतें. शिवाय ग्राहकांचे 0 ते 9 असे वर्ग पाडलेले असतात. प्रसंगीं मनोरा त्यांतील कांहींना थोपवूं शकतो, व संकटनिवारण करणाऱ्यांसाठीं निराळे वर्ग राखलेले असतात. लघुसंदेशास बोलण्याची वाट लागत नाहीं. एकदां केंद्रांत पोंचला कीं तो तेथें थांबून राहतो आणि पुढें पोंचविण्याची खटपट केंद्रच करतें.

'मिस्ड कॉल'चें मात्र गंमतीचें आहे. गाडी निघाली एवढेंच कळविण्यास तो पुरतो, पदरचा पैसाहि जात नाहीं. पण दाराशीं जागा अडवावयाची ती तोहि अडवितोच.