मद्याचा वीट आणणारी चिकित्सा व चरकाचा मदात्ययाध्याय

मद्यप्याच्या मनांत मद्याविषयीं किळस उत्पन्न करून त्याचें व्यसन सोडविण्याचा उपाय पाश्चात्य देशांत फार जुना आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी (इ. स. २३–७९) यानें घुबडाचीं अंडीं मद्यांतून तीन दिवस दिल्यास, अथवा दोन वाम मासे ज्यांत कुजविले तें मद्य पाजल्यास, त्याचा वीट येतो असें लिहून ठेविलें आहे. अर्वाचीन काळीं अमेरिकेंत सियाटल येथें १९३५ पासून एमेटीन देऊन ओकारीच्या वेळींच मद्य हुंगावयास व प्यावयास देत. १९४८ सालीं डेन्मार्कांत हाल्ड व याकोब्सेन यांनीं डायसल्फिरामचा गुण प्रसिद्ध केला. तें घेणाऱ्यानें मद्य घेतल्यास तोंड लाल होतें, छाती धडधडते व ओकारी येते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील २४ वा अध्याय मदात्ययाचा आहे. त्यांत कफप्रधान मदात्ययावर वमन सांगितलें आहे. परंतु एवढ्यावरून ही चिकित्सा चरकास ठाऊक होती असें म्हणणें युक्त नव्हे. तें वमन दोष बाहेर काढण्याकरितां आहे. शिवाय त्याच अध्यायांत मदात्ययावर योग्य मात्रेनें मद्यच देण्याची योजना आहे. ज्याचा वीट आणावयाचा तेंच औषध म्हणून कोण देईल? अहितकर संवय सोडण्याची चरकाची रीत सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायांत आहे: ती एकदम न टाकतां अंशाअंशानें कमी करावी.

म्हणून परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवीं वैद्यकाचें एखादें जुनें बाड हातीं आल्यास, त्यांत गेळफळाचा प्रयोग दिसतांच ‘दारू सोडविण्याचें औषध’ असा मथळा संग्राहकांनीं देऊं नये. रोग कोणता व वमन कशासाठीं, हें आधीं पाहावें. सरकारी कागदांविषयींही असाच विवेक हवा. झरीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलांत व पुढें १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा झाला तेव्हां तो तेथें लागू नव्हता. तेव्हां त्या काळच्या तेथील मद्यव्यवहाराचा शोध हैदराबादच्या आबकारी कागदांत घ्यावा.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. व्यसनी माणसास न कळत औषध चारणारीं घरें आजही आहेत. डायसल्फिराम असें दिलें व वर मद्य पडलें, तर रक्तदाब उतरून प्राणावर बेतूं शकतें. एमेटीन तर हृदयास अपायकारक. अशा धाडसास ‘ग्रंथोक्त’ म्हणून आधार देणारा चुकीचा मथळा आपल्या हातून पडूं नये, इतकीच विनंती.