पिवळ्या तारेचा इतिहास

चारकोपच्या सेक्टरांची आखणी 1985 च्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून झाली. जागतिक बँकेच्या कर्जावर राबवलेल्या या योजनेत म्हाडाने तयार घरांऐवजी रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांची सोय असलेले छोटे भूखंड दिले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं आणि सवडीने वाढवायचं. वर मजला चढवायचा तर त्याचा हिशेब जोतं घालतानाच करावा लागतो, हे अशा वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही. असेंबल्ड कॉम्प्युटरही असाच वाढतो: आज प्रोसेसर, पुढे रॅम, बोनस हाती आला की ग्राफिक्स कार्ड. पण ज्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, हा सगळा डोलारा उभा राहायचा, तो मात्र कित्येकदा ‘कॅबिनेटबरोबर आलाच आहे’ म्हणून वापरला जातो. ही सवय आळसाची नाही, एका जुन्या काळाची आहे. त्या काळी ती चालून गेली, कारण तेव्हा मशीनच वेगळं होतं.

1981 च्या आयबीएम पीसीचा वीजपुरवठा अवघा 63.5 वॅटचा होता. त्यातला निम्म्याहून जास्त भार 5 व्होल्टच्या लाल तारेवर, कारण चिप्स थेट तिच्यावरच चालत; 12 व्होल्टची पिवळी तार मुख्यतः डिस्कच्या मोटरी फिरवी. 1984 च्या एटीमध्ये आकडा 192 वॅटवर गेला, तरी लाल तारेचं वजन कायम राहिलं. उलटापालट झाली ती 2000 साली. पेंटियम 4 च्या तोंडावर मदरबोर्डला 12 व्होल्टचा वेगळा चार पिनांचा जोड आला आणि प्रोसेसरची भूक पिवळ्या तारेकडे वळली. ग्राफिक्स कार्डंही मागोमाग तिकडेच आली. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी 75, आठ पिनांच्या जोडातून 150. आणि 2022 च्या आरटीएक्स 4090 कार्डाला एकट्याला 450 वॅट लागतात. म्हणजे आज लेबलावरचा मोठा आकडा वाचून काही कळत नाही, 12 व्होल्टपुढचे अँपिअर वाचावे लागतात. वर 450 वॅट छापलेलं आणि पिवळ्या तारेपुढे 16 अँपिअर, तर गुणाकार 192 वॅटचाच होतो. उरलेले वॅट ज्या तारांवर आहेत त्यांना आज फारसं गिऱ्हाईक नाही.

यावर आक्षेप येतो की 200 वॅटच्या आरटीएक्स 4070 साठी कंपनी 650 वॅटचा एसएमपीएस सुचवते, ही निव्वळ विक्रीची युक्ती. थोडी असेलही. पण प्रोसेसरचा भार वेगळा, आणि कार्ड सरासरीने 200 वॅट घेतं म्हणजे दर क्षणी तेवढेच घेतं असं नव्हे. क्षणभराच्या उसळ्या इतक्या वाढल्या, की 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकाला नेमून दिलेल्या क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद पेलण्याची अट घालावी लागली. दुसरी शंका बिलाची: मोठा एसएमपीएस जास्त वीज खातो का? तो मशीनला लागेल तेवढीच देतो. फरक पडतो कार्यक्षमतेचा. 300 वॅटच्या भाराला 75 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून 400 वॅट ओढतो, 90 टक्क्यांचा साधारण 333. रोज पाच तास मशीन चालवलं तर महिन्याला दहा युनिटं वाचतात. हजार वॅटचा आणून त्यावर नुसतं टायपिंग करणं मात्र पैशाची नासाडीच, कारण अगदी हलक्या भारावर कार्यक्षमता घसरते.

उरतो खास मुंबईकर युक्तिवाद: इथे वीज जातेच कुठे? 1929 च्या बीएसईएसपासून आजच्या अदानींपर्यंत उपनगराचा पुरवठा राज्याच्या बऱ्याच भागांपेक्षा भरवशाचा राहिला, हे खरं. पण 12 ऑक्टोबर 2020 ला शहर अंधारात गेलंच, आणि एसएमपीएसची कसोटी तासाभराच्या अंधारात लागत नाही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. पुरवठा तुटला की चांगल्या एसएमपीएसमधला कपॅसिटर पूर्ण भारावरही सोळा-सतरा मिलिसेकंद मशीन धरून ठेवतो, तेवढ्यात यूपीएस बॅटरीवर येतो. कपॅसिटरमध्येच काटकसर केली असेल, तर शेजारी यूपीएस नवाकोरा असूनही गेम ऐन रंगात असताना पडदा काळा होतो, आणि दोष यूपीएसच्या माथी जातो.