चैत्र 1974, कनातीमागे

एस.टी. तुम्हाला फाट्यावर उतरवते आणि बीडच्या दिशेनं निघून जाते. साल 1974, चैत्री पुनव. पाटोदा तालुका, बालाघाटचा माथा. जवळच गवळवाडीपाशी मांजरा उगम पावते, पण चैत्रात तिच्या पात्रात पाणी शोधावं लागतं. पाऊलवाटेनं गावाकडे निघालात की डाव्या हाताला पाझर तलावाचा भराव लागेल. 1972च्या दुष्काळात अख्खं गाव या भरावावर माती वाहत होतं, खडी फोडत होतं आणि रेशनचा तांबडा मिलो खात होतं. गेल्या पावसाळ्यानं हात दिला. ज्वारी घरात आली, ऊसतोडीला गेलेल्या बैलगाड्या परतल्या आणि दोन वर्षं नुसत्या नारळावर भागवलेली मारुतीची जत्रा यंदा भरली. उंबऱ्यामागे वर्गणी निघाली. पाडव्याला चौघं जण नारायणगावला जाऊन सुपारी देऊन आले. आज रात्री तमाशा आहे.

गावातली माणसं दिवस मावळायच्या आतच कनातीपुढे पोती अंथरून जागा धरतील. तुम्ही मागच्या अंगानं या.

मागे एक मालट्रक उभा आहे. त्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल पेटलीय. ढोलकीवाला ढोलकीच्या तोंडाला शाई नीट बसली का ते बोटानं चाचपतो, हलगीवाला जाळावर हलगी तापवतो. पेटीमास्तर, झीलकरी, सोंगाड्या, सरदार, मॅनेजर, स्वयंपाकी, जनरेटर सांभाळणारा पोऱ्या असा पन्नासेक माणसांचा हा संसार आहे आणि त्यात दहा बायका नाचणाऱ्या. दसऱ्याला घर सोडायचं आणि बुद्ध पौर्णिमेला परतायचं. मधले सात महिने रोज नवं गाव, रोज नवी राहुटी.

त्या काळात न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहमची नृत्यकंपनी चालू आहे, 1926 पासून. अशा कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक नर्तिकेचं नाव असतं, ती कुठली, कुणाकडे शिकली, आधी कुठे नाचली, तेही असतं. इथं राहुटीच्या खांबाला लावलेलं हँडबिल वाचा. गुलाबी कागदावर फडमालकाचं नाव बोटभर जाडीच्या अक्षरात आहे. खाली सोंगाड्याचं, वगाचं, आणि मग ‘सोबत नृत्यांगनांचा ताफा’. ताफ्यातल्या दहा जणींची नावं नाहीत. ती माहिती तुम्हाला राहुटीत जाऊनच मिळेल.

राहुटीत पत्र्याच्या ट्रंका मांडल्यात. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणात आरसा बसवलेला. सगळ्यात थोरलीला सगळे अक्का म्हणतात. वय पस्तिशीच्या पुढं. ती चाळ बांधते आहे, तो प्रकार जवळून बघा. आधी घोट्यावर मऊ सुती पट्टी, तीन-चार वेढे घट्ट ओढून. मग दोरीत ओवलेली पितळी घुंगरं, खालून वर, एकावर एक. शेवटच्या वेढ्याची गाठ ती आतल्या बाजूला घेते, कारण बाहेरची गाठ दुसऱ्या पायाच्या घुंगरात अडकते. उठून टाच एकदा आपटते, कान देते, बसते, एक वेढा सोडून पुन्हा बांधते. तुम्हाला आधीच्या आणि नंतरच्या आवाजात फरक कळणार नाही. बाहेरच्या ढोलकीवाल्याला कळतो. तो तिथूनच हुंकार देतो.

“कुठलं गाव, पाव्हणं?” अक्का विचारते. तुम्ही काहीतरी सांगता. तिला उत्तराशी देणंघेणं नाही, हात चालू असताना बोलायला कुणीतरी हवं असतं.

अक्का फडातच जन्मली. आईही नाचायची. शाळा नाही, कारण रोज गाव बदलतं. कुठल्या गावच्या हजेरीपटावर नाव लागणार? पेटीच्या मागं बसून बघत-बघत शिकली. सातव्या वर्षी गवळणीत पहिल्यांदा उभी राहिली, ओळीत शेवटची, डोक्यावर पितळी गडू घेऊन. चुकलं की हलगीवाला नजरेनंच दटावायचा. तिच्या लेखी आदर्श एकच, विठाबाई. पंढरपुरात 1935 साली जन्मलेल्या, भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या विठाबाई नारायणगावकर. 1957 साली त्यांना राष्ट्रपतींचं पदक मिळालं, 1962च्या चीनच्या युद्धानंतर जवानांपुढं नाचायला त्या सीमेवर गेल्या, हे अक्काला तोंडपाठ आहे. तुम्ही ज्या रात्री इथं बसला आहात त्या रात्री विठाबाईही अशाच कुठल्या तरी जत्रेत चाळ बांधत असतील.

त्यांच्याबद्दलची ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे: पूर्ण दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्यावर मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा पुढं आल्या. ही गोष्ट सांगताना आपला आवाज कौतुकानं चढतो. अक्का ती सांगते तेव्हा तिचा आवाज चढत नाही. तिच्या तोंडून ऐकल्यावर ती मला निष्ठेपेक्षा नोकरीची गोष्ट वाटते. सुपारी घेतलेली, पब्लिक बसलेलं, बदली माणूस नाही, सुट्टी नाही. एवढ्या मोठ्या कलावतीला नवव्या महिन्यात घरी बसायची सोय नव्हती, याची लाज आपल्याला वाटायला हवी होती.

दुसरी बाई अक्काच्या पलीकडं भुवया कोरते आहे. ती कोल्हाटी घरातली, जामखेडकडची, संगीत बारीतून फडात आलेली. बारी आणि फड यांत केवढा फरक आहे ते तिच्याकडून समजून घ्या. बारीत ऐकणारा हाताच्या अंतरावर बसतो. तिथं बसून अदा करायची, एका ओळीचे दहा अर्थ नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी दाखवायचे. वाईच्या यमुनाबाई त्या कलेच्या महाराणी. इथं समोर दोन-तीन हजार माणसं, शेवटचा माणूस बाभळीच्या झाडावर. त्याला डोळा कुठला दिसणार? मग पाय मोठा पडला पाहिजे, गिरकी रुंद झाली पाहिजे, खांद्यापासून हात उचलला पाहिजे. पहिलं वर्षभर तिचे पाय सुजायचे. आपलं अंग नव्यानं शिकायला तिला एक हंगाम लागला, आणि तो शिकवायला गुरू म्हणून होता फक्त ढोलकीवाला.

तिला मुलगा आहे, आजीकडं राहतो. बापाचं नाव विचारू नका. इथून फार लांब नाही, करमाळा तालुक्यातल्या नेरल्यात, अशाच एका नाचणाऱ्या बाईचा लहानगा याच सुमारास वाढतो आहे. तो पुढं डॉक्टर होईल, आईचं नाव आपल्या नावात लावील आणि 1994 साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहील. किशोर शांताबाई काळे. नाचणाऱ्या बाईच्या पैशावर घर कसं चालतं आणि त्या घरात तिला किती जागा असते, हे मराठी वाचकाला तेव्हा कळेल. आज राहुटीतल्या या बाईला ते कुणी विचारत नाही, ती सांगतही नाही.

तिसरी पोरगी कोपऱ्यात आहे. सतरा वर्षांची. तिला पदर नीट खोचता येत नाही, अक्का खोचून देते. ही ना फडातली ना बारीतली. बीड जिल्ह्यातलीच. दुष्काळात बाप गेला, आई ऊसतोडीला. ही एका जत्रेतून फडाबरोबर निघाली. नाव बदललंय. आपल्या तालुक्यात सुपारी लागली की ती मागच्या रांगेत उभी राहते. तमाशातल्या बाया सगळ्या जन्मानंच त्या धंद्यातल्या, असं आपण धरून चालतो. कांताबाई सातारकरांचा जन्म 1939 साली गुजरातमधल्या टिंबा गावचा, आईबाप दगडखाणीत मजूर. त्या फडात आल्या, तमासगीर तुकाराम खेडकरांबरोबर उभ्या राहिल्या, 1964 साली खेडकर गेल्यावर सगळं हातचं सुटलं आणि त्यातून त्यांनी पुन्हा स्वतःचा फड बांधला. खडी फोडणाऱ्याच्या घरातून बोर्डापर्यंतची ही वाट कोपऱ्यातल्या पोरीच्या आधी मळलेली होती.

बाहेर हलगी कडाडते. आता पुढं या, पण बाजूनं बघा.

गण संपतो. बायका येतात त्या पाठमोऱ्या, वाजवणाऱ्यांकडं तोंड करून, दोन्ही हातांनी पदर डोक्यामागं पसरून. पब्लिकला फक्त पाठ आणि पाय दिसतात. मुजरा असा आधी वाद्यांना होतो. अक्का मधोमध. ढोलकीवाला एक तोडा टाकतो, ती टाचेनं उत्तर देते. तो वाढवतो, ती घुंगरांचा आवाज इतका कमी करते की एकच घुंगरू वाजतंय असं वाटावं. मघाशी सोडून पुन्हा बांधलेला वेढा याचसाठी होता. मग ती वळते आणि मैदान ओरडतं. मग गवळण, मावशीच्या सोंगावर माणसं लोळतात. रंगबाजीत चिठ्ठ्या येतात. सगळ्यांना ‘पिंजरा’तली गाणी हवीत, पिक्चर येऊन दोनच वर्षं झालीत. पेटीमास्तरनं ती रेडिओवरून उचललीत, बायकांनी पावलं स्वतः बसवलीत. सिनेमात गाण्याला नृत्यदिग्दर्शक असतो. इथं दुपारी झाडाखाली अक्काच ते काम करते, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पैशांचं आता बघा, कारण बीडच्या माणसाला ते लगेच कळेल. दसऱ्याच्या आधी मालक बाईच्या घरी उचल देतो. हंगामभर ती पगारातून फिटते. फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच फडात. समोर पोत्यावर बसलेला ऊसतोड्या दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतो, कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या कोपीत राहतो आणि चैत्राच्या तोंडाशी परततो. दोघांच्याही लेकरांची शाळा बुडते, दोघांच्याही बायका पोटुशा असताना कामावर असतात. तरी तो बोर्डाकडं बघून शिट्टी मारतो आणि सकाळी तिला गावच्या विहिरीवर पाणी शेंदू देत नाही. जातीचा हा खेळ तमाशाच्या पोटातच आहे. 1927च्या सुमाराला शाहीर पठ्ठे बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न चळवळीसाठी देऊ केलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं, महार बायकांच्या नाचण्यावर मिळवलेला पैसा नको म्हणून. 1956च्या धर्मांतरानंतर कितीतरी घरांनी ढोलकी खाली ठेवली. फडातला म्हातारा झीलकरी हे सांगतो आणि म्हणतो, “साहेबाचं बरोबरच व्हतं. पर आमच्या बायांच्या पायातली विद्या काय वाईट न्हवती.” मला ही दोन्ही वाक्यं खरी वाटतात आणि त्यांतलं एकही मी सोडायला तयार नाही.

पहाटे वग संपतो. जाण्याआधी अक्काला विचारून घ्या, हँडबिलावर तुमचं नाव का नाही?

“मालकाचं नाव छापत्यात. आमचं कशाला? आमी हाय की समोर.”

आता पुढं चला, 25 मार्च 2020. गुढीपाडवा. नारायणगावात गावकऱ्यांची वाट बघत फडांच्या राहुट्या लागायचा हा दिवस, आणि देशभर टाळेबंदी सुरू झाली तोही हाच दिवस. चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर फडाचं वर्ष उभं असतं. तो अख्खा हंगाम गेला. त्याच दिवसांत बीडचे ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकून पडले होते. एप्रिलमध्ये सरकारनं परतीची परवानगी दिली तेव्हा ते निघाले. पुढच्या वर्षी, मे 2021 मध्ये, कांताबाई सातारकर गेल्या. विठाबाई त्याआधीच, 15 जानेवारी 2002 रोजी. वाईच्या यमुनाबाईंना 2012 साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या.

नाव घेऊन बोलण्याची सुरुवात मात्र झाली आहे. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ रंगमंचावर आणली. तिथं शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर यांनी आपली कला सादर केली आणि त्यांची कहाणी त्यांच्या नावासकट प्रेक्षकांपर्यंत पोचली. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर मोठं संशोधन केलं. पण ही शहरातली आणि विद्यापीठांतली कामं आहेत.

कोपऱ्यातली ती सतरा वर्षांची पोरगी आज सत्तरीला टेकली असेल. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, हल्ली महिना 5,000 रुपये. वय 50च्या पुढं हवं आणि किमान 15 वर्षं कलेत घालवल्याचा पुरावा हवा. वयाचं ठीक आहे, आधार कार्ड आहे. पुराव्याला ती काय देणार? ज्या नावानं ती नाचली ते तिचं नव्हतं, आणि तेही कुठं छापलं गेलं नाही.

फडमालकांच्या घरी उचलीच्या वह्या असतात. बाईचं नाव, गाव, रक्कम, अंगठा किंवा सही, हंगाम. नाचणाऱ्या बायकांच्या कारकिर्दीचा लेखी दाखला त्या वह्यांतच सापडेल. वाळवी लागायच्या आत त्या कुणीतरी उतरवून घ्यायला हव्यात. संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, बीड-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांत मराठीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधत असतात. फड आषाढ-श्रावणात घरी असतात, मालक भेटतात, म्हाताऱ्या बायकांना बोलायला वेळ असतो. नारायणगाव, संगमनेर, जामखेड, सगळीकडे एस.टी. जाते.