दिल्ली १९५६ : एका वर्षाची मराठी नोंद

वर्षवार नोंदींचे कोश चाळताना घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन रकाने दिसतात. प्रत्येक नोंद आपल्या ओळीत एकटी उभी असते. वरच्या ओळीशी तिचे काही नाते असेल, असे वाटत नाही. १९५६ साल उघडले की मराठी वाचकाची नजर ठरावीक तारखांवर जाते : १४ ऑक्टोबरचे नागपूरचे धर्मांतर, १ नोव्हेंबरचे द्वैभाषिक मुंबई राज्य, ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण. एक तारीख धर्माच्या इतिहासात जाते, एक संयुक्त महाराष्ट्राच्या, एक आंबेडकरी चळवळीच्या. पण नागपूर सोडले तर या वर्षातले बरेच काही एकाच शहरात, दिल्लीत घडले. ते वर्ष त्या शहरातून वाचले तर ओळी एकमेकींशी बोलू लागतात.

वर्षाची सुरुवात रेडिओवर झाली. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्य पुनर्रचनेचा निर्णय सांगितला : महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे, मुंबई केंद्राच्या ताब्यात. मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसे मेली. तीनच दिवसांनी, १९ तारखेला, त्याच आकाशवाणीवरून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. यातूनच १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. देशाच्या अर्थकारणातला एवढा मोठा निर्णय जाहीर करणारा माणूस त्याच दिवसांत राजीनाम्याच्या विचारात होता. रायगडाच्या पायथ्याच्या महाड भागात जन्मलेले, लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी असलेले देशमुख जानेवारीतच पद सोडायला निघाले होते. नेहरूंनी त्यांना थांबवून धरले.

फेब्रुवारीत आणखी एक मराठी नाव दिल्लीच्या सार्वजनिक जीवनातून गेले. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर २७ तारखेला अहमदाबादेत वारले. मूळ घराणे कोकणातले, जन्म बडोद्याचा, सारे राजकारण गुजरातेत. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्ये रेघ ओढायचा वाद ऐन भरात असताना हा माणूस जावा, हा निव्वळ योगायोग. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची मुळे होती अशी माणसे त्या वादात फारशी मोजली गेली नाहीत, हेही खरे.

मार्चची नोंद साहित्याची. २० मार्चला बाळ सीताराम मर्ढेकर दिल्लीत वारले. वय अवघे ४६. जन्म खानदेशातल्या फैजपूरचा, पोटापाण्याची नोकरी आकाशवाणीची. मराठी कवितेला यंत्रयुगाची भाषा देणारा, ‘काही कविता’साठी अश्लीलतेचा खटला सोसून निर्दोष सुटलेला हा कवी. ज्या खात्याच्या ध्वनिक्षेपकावरून जानेवारीत मुंबईचे भवितव्य सांगितले गेले, त्याच खात्यात तो अधिकारी होता. मुंबईच्या रस्त्यांनी, गिरण्यांनी आणि गर्दीने ज्याची कविता घडली, त्याने डोळे मिटले ते दिल्लीत. १९५६ सालचा साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला. अकादमीही दिल्लीचीच, स्थापना १९५४ ची. राजधानीत नवी राष्ट्रीय संस्कृती उभी राहत होती, तिथे मराठीच्या वाट्याचा मान होता. तो घ्यायला कवी उरला नव्हता.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईतच जाहीर केले की हे शहर निदान पाच वर्षे केंद्रशासित राहील. आता देशमुख थांबणार नव्हते. २५ जुलैला त्यांनी लोकसभेत राजीनाम्याचे निवेदन केले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही त्यांची मागणी. नेहरूंनी आक्षेप नाकारला. मराठी स्मरणात या प्रसंगाचे चित्र ठरलेले आहे : एक मराठी माणूस दिल्लीच्या तोंडावर राजीनामा फेकून बाहेर पडतो. घडले त्याहून वेगळे. देशमुख दिल्ली सोडून गेले नाहीत. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचा आक्षेप निर्णय घेण्याच्या रीतीला होता. दिल्लीशी त्यांनी वैर धरले नव्हते. हा फरक आपण विसरतो, आणि मग त्यांच्या राजीनाम्याची धार मात्र बोथट होते.

ऑगस्टमध्ये संसदेने तिसराच तोडगा काढला : गुजरातीभाषक आणि मराठीभाषक मुलूख एकत्र ठेवणारे विशाल द्वैभाषिक राज्य, राजधानी मुंबई. १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले. मुंबई केंद्रशासित व्हायची टळली. मात्र त्याच कायद्याने, त्याच दिवशी, दुसऱ्या एका शहराच्या बाबतीत ते घडले. दिल्लीला १९५२ पासून स्वतःची ४८ सदस्यांची विधानसभा होती, मुख्यमंत्री होता. १ नोव्हेंबर १९५६ ला ती विधानसभा गेली आणि दिल्ली केंद्रशासित प्रदेश झाली. मुंबईकर ज्या गोष्टीविरुद्ध रस्त्यावर उतरले, ती दिल्लीकरांच्या वाट्याला मुकाट आली. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात दिल्ली म्हणजे निर्णय लादणारी सत्ता. निर्णय ज्यांच्यावर लादला गेला ती दिल्लीतली माणसे त्यात कुठेच नाहीत.

ही विधानसभा सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयात भरत असे. त्याच भागात २६, अलीपूर रोड या बंगल्यात, मंत्रिपद सोडल्यापासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. त्यांनी आदल्याच वर्षी भाषिक राज्यांवर पुस्तिका लिहून मुंबईवरचा महाराष्ट्राचा हक्क मांडला होता. पण मराठी मुलखाचे एकच राज्य करू नये, मुंबईचे स्वतंत्र नगरराज्य असावे, असेही सुचवले होते. दोन्ही बाजूंना पुरते न पटणारे हे मत आजही अर्धेच उद्धृत होते.

बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाचे सोहळे दिल्लीत चालू होते. युनेस्कोची परिषद भरली होती, दलाई लामा आले होते. नोव्हेंबरात काठमांडूची बौद्ध परिषद आटोपून बाबासाहेब अलीपूर रोडला परतले. ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या उशाशी होते. सकाळी ते उठले नाहीत. पार्थिव विमानाने मुंबईला नेले आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले. देह दिल्लीत पडला, शोक मुंबईने केला.

जन्मांचा रकाना राहिला. तो त्या वर्षी कुणालाच भरता येत नाही. कोण कोण जन्मले, हे पुढच्या काळालाच कळते. ६ एप्रिल १९५६ ला राजापुरात एक मुलगा जन्मला. १९८३ साली दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यासमोर त्याने १५९ धावा केल्या, तेव्हा दिलीप वेंगसरकर हे नाव यादीत शिरले.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली १ मे १९६० ला. दिल्लीला आपली विधानसभा परत मिळायला १९९३ उजाडले. आज मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर सिव्हिल लाइन्स स्थानकाजवळ बाबासाहेबांचे स्मारक आहे, उघड्या संविधानाच्या आकाराचे. त्याच्या पुढचे स्थानक ‘विधानसभा’. ६ डिसेंबरला स्मारकाकडे जाणाऱ्या मराठी माणसाने एकदा एक स्थानक पुढे जाऊन यावे. १९५६ च्या आपल्या यादीतून सुटलेली ओळ तिथे आहे.