एकसमयावच्छेदेकरून

एकाच वेळी, एकाच क्षणी. मराठीतील कालवाचक क्रियाविशेषण अव्यय. ‘एक’, ‘समय’ आणि ‘अवच्छेद’ हे तीन संस्कृत शब्द आणि ‘करून’ हे मराठी शब्दयोगी अव्यय मिळून ही अकरा अक्षरे होतात. ‘अवच्छेद’ म्हणजे मर्यादा किंवा सीमा. नव्यन्याय या भारतीय तर्कशास्त्राच्या शाखेच्या परिभाषेत या शब्दाला मोठे महत्त्व आहे. ‘करून’ची जोड ‘येणेकरून’, ‘तेणेकरून’ यांसारखीच. जुन्या छापील मजकुरात ‘अवच्छेदेंकरून’ असा सानुस्वार पाठ आढळतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर अनुस्वार गळाला.

शब्द अवजड आहे खरा, पण त्याचे काम नेमके आहे. ‘मुले एकदम ओरडली’ यात मुले अचानक ओरडली की सगळी मिळून, हे संदर्भावाचून कळत नाही. मूळच्या फार्सी ‘एकदम’मध्ये दोन्ही अर्थ नांदतात. ‘एकत्र’ शब्दात जागेचा आणि ‘मिळून’मध्ये सहकार्याचा भाव शिरतो. एकसमयावच्छेदेकरून फक्त काळाबद्दल बोलतो: एक तोफ पुण्यात आणि दुसरी साताऱ्यात एकसमयावच्छेदेकरून उडू शकते.

शास्त्रीय संस्कृतात हाच अर्थ ‘युगपत्’ने दाखवतात. मन अणुरूप असल्याने अनेक ज्ञाने युगपत् उपजत नाहीत, असे न्यायदर्शन मानते.

आज गंभीर गद्यात ‘एकाच वेळी’ पुरते. हा शब्द उरला आहे तो मुख्यतः थट्टेत आणि मुद्दाम भारदस्त केलेल्या भाषेत: ‘दोन्ही जावई एकसमयावच्छेदेकरून रुसले.’