स्पिरुलिनाच्या गोळ्यांनी 'डिटॉक्स' होतो का?

सोलापुरातल्या औषधांच्या दुकानात स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या सहज मिळतात. 'शरीरातील विषारी घटक बाहेर काढते, यात डिटॉक्स एन्झाइम्स असतात' असे ऐकून तुम्हीही त्या घरी आणल्या असतील. एन्झाइम्स असतात हे खरे आहे, पण ती त्या जिवाणूच्या स्वतःच्या उपयोगाची.

स्पिरुलिनाला शेवाळ म्हणतात. प्रत्यक्षात तो सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा सायनोबॅक्टेरिया आहे. त्याला खारट, सोडायुक्त पाणी मानवते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात तो आढळतो. तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो. (जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले ते हॅलोआर्किया या वेगळ्याच सूक्ष्मजीवांमुळे.) मिठाचा ताण सोसण्यासाठी हा जिवाणू सोडियम बाहेर फेकतो आणि पेशीत ट्रेहॅलोजसारखी साखर साठवतो. खारेपणा आणि कडक ऊन यांमुळे पेशीत सुपरऑक्साइड हा घातक पदार्थ वाढतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि पुढची एन्झाइम्स त्याचे पाणी करून टाकतात.

तुम्ही गोळी गिळल्यावर काय होते? एन्झाइम म्हणजे प्रथिन. जठरातील आम्ल आणि पाचकरस ते डाळीतल्या प्रथिनासारखेच तोडतात; ते यकृतापर्यंत कामाच्या स्थितीत पोहोचत नाही. शिवाय सुपरऑक्साइड डिसम्युटेज आपल्या पेशी स्वतःच बनवतात.

मग प्रथिनांसाठी घ्यावे का? ५ ग्रॅम पावडरीतून जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने मिळतात, एका अंड्यातून सुमारे ६. शाकाहारी रुग्णांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: स्पिरुलिनातील बी-१२ बहुतांशी आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या स्वरूपात असते. हातापायांना मुंग्या येत असतील तर या गोळ्यांवर विसंबून राहू नका, रक्ततपासणी करा.

निकृष्ट मालात शिसे, पारा किंवा मायक्रोसिस्टिन असू शकते. मायक्रोसिस्टिन हे दुसऱ्या सायनोबॅक्टेरियांचे विष आहे आणि ते यकृतालाच इजा करते. म्हणून तळ्यावर दिसणारा हिरवा तवंग स्पिरुलिना समजून कधीही वापरू नका.

फिनाइलकीटोन्यूरिया असल्यास स्पिरुलिना घेऊ नये. ल्युपससारखा ऑटोइम्यून आजार, गर्भारपण, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगावर पुरळ उठले तर त्या लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या.